लेखाकर्माच्या मूलभूत संकल्पना : नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा लेखाकर्माशी प्रत्यक्ष संबंध बहुधा वर्षातून एकदाच येतो. पगारदार सहकारी पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपूर्वी भरते, छापील अहवाल हाती पडतो, 'ताळेबंद व नफा-तोटा पत्रकास मंजुरी देणे' हा विषय पुकारला जातो आणि सूचक-अनुमोदकांची नावे लिहून होताच तो संमतही होतो. त्यानंतरची चर्चा मात्र लाभांश किती टक्के आणि भेटवस्तू कोणती यावर बराच वेळ रंगते. वाणिज्य शाखेतील प्राध्यापकही या बाबतीत फारसे वेगळे वागतात असे दिसत नाही. वस्तुतः त्या दोन पानांत सभासदांच्या आयुष्यभराच्या बचतीचे काय झाले, हे लिहिलेले असते.

लेखाकर्म हा आकडेमोडीचा विषय आहे असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. त्यातील गणित चौथीच्या विद्यार्थ्यास जमेल इतके सोपे असते. कठीण असतो तो निर्णय. एखादी रक्कम खर्च समजावयाची की मालमत्ता, आज समजावयाची की पुढील वर्षी, आणि तिचे मूल्य कोणत्या आधारावर ठरवावयाचे, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीच्या मुळाशी असतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीच्या आधारे करण्यात आला आहे. गिरणीचे ताळेबंद तपासणे हा येथील हेतू नसून तिच्या इतिहासातील सर्वज्ञात घटनांतून संकल्पना स्पष्ट करणे एवढाच आहे. जेथे आकडेमोड आवश्यक आहे तेथे कल्पित आकडे घेतले असून तसा उल्लेख केला आहे.

जमिनीत पुरलेले सोने

जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी १८७४ मध्ये 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली. कंपनीचे भांडवल १५ लाख रुपये होते. मुंबई सोडून नागपूरची निवड करण्यामागे हिशेबीपणाच होता. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा फार दूर नाही, १८६७ पासून रेल्वे नागपुरात आलेली, आणि सुताला गिऱ्हाईक म्हणून आसपासचे विणकर. गिरणीसाठी जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची जमीन घेण्यात आली. ती भरून काढण्यासाठी बराच पैसा ओतावा लागला. भांडवल देण्यास नकार देणाऱ्या एका स्थानिक सावकाराने 'हा गृहस्थ सोने जमिनीत पुरतो आहे' असे म्हटल्याची आणि पुढे गिरणीची भरभराट पाहून 'याने माती घातली आणि सोने काढले' अशी कबुली दिल्याची आख्यायिका टाटांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी सावकाराच्या पहिल्या शेऱ्यात लेखाकर्मातील एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. भरावासाठी टाकलेली माती ही खर्च की मालमत्ता? सावकाराच्या वहीत रक्कम एकदा हातातून गेली की ती 'गेली'. कंपनीच्या वहीत मात्र जो खर्च एका वर्षात संपत नाही, ज्याचा लाभ अनेक वर्षे मिळत राहतो, तो भांडवली खर्च समजला जातो आणि ताळेबंदाच्या मालमत्ता बाजूस जमिनीच्या किमतीत मिळविला जातो. याउलट कापूस, कोळसा, मजुरी, दुरुस्ती यांचा लाभ त्याच वर्षात संपतो. तो महसुली खर्च होय आणि तो त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा झालाच पाहिजे.

हा भेद परीक्षेत दोन गुणांच्या टिपेपुरता उरला आहे, ही खेदाची बाब आहे. कंपन्यांच्या हिशेबातील लबाडीचा एक फार मोठा भाग याच रेषेवर घडतो. महसुली खर्च भांडवली म्हणून दाखविला की त्या वर्षीचा नफा फुगतो आणि मालमत्ताही फुगते. दोन्ही पत्रके एकाच वेळी देखणी होतात. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने इतर कंपन्यांच्या तारा वापरण्याचे नित्याचे भाडे अब्जावधी डॉलरच्या प्रमाणात भांडवली खर्च म्हणून दाखविले होते. २००२ मध्ये ते उघडकीस आले आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. पद्धत इतकी साधी होती की ती पुस्तपालनाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही समजावी.

नाव आणि जमा

मराठी माणसाला हिशेबाची भाषा परकी नाही. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे ढीग आहेत; कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, जमा, खर्च, बाकी हे शब्द पाठ्यपुस्तकांनी घडविलेले नसून दफ्तरांतून व पेढ्यांतून आलेले आहेत. त्यांतील जमा, खर्च, बाकी यांसारखे शब्द फारसी-अरबी वळणाचे आहेत. इटलीत लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन केले आणि पुढे तीच पद्धत जगभर रूढ झाली. इतवारीतील जुन्या पेढीवरील मुनीम पाचोलीचे नाव न ऐकताही प्रत्येक व्यवहाराची दोन टोके ओळखत असे.

द्विनोंदी पद्धतीचे तत्त्व एवढेच की, व्यवसायात जे काही येते ते कोठून तरी येते. मालमत्ता म्हणजे काय आले याची यादी, आणि भांडवल व देयता म्हणजे ते कोणाकडून आले याची यादी. एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहिल्यामुळे दोन्ही याद्यांची बेरीज सारखी येते. म्हणून ताळेबंद जुळला म्हणजे हिशेब खरा आहे, असे मानणे भाबडेपणाचे होय. खोटी मालमत्ता आणि तेवढाच खोटा नफा लिहिला तरी ताळेबंद काटेकोर जुळतो.

येथे मालकही व्यवसायाचा देणेकरी नसून घेणेकरी ठरतो, ही गोष्ट नवशिक्याला नेहमी अडखळविते. भांडवल देयतेच्या बाजूस का, याचे उत्तर व्यवसायाच्या स्वतंत्र अस्तित्वाच्या संकल्पनेत आहे. १८६६ च्या भारतीय कंपनी कायद्याच्या काळात स्थापन झालेली नागपूरची ही कंपनी जमशेटजींहून वेगळी 'व्यक्ती' होती. भागधारकांचे १५ लाख रुपये हे तिने त्यांना देणे असलेली रक्कम होती. छोट्या दुकानदारालाही हे तत्त्व तितकेच लागू पडते. गल्ल्यातून मुलीच्या शाळेची फी भरली तर तो दुकानाचा खर्च नव्हे. ती उचल होय आणि ती भांडवलातून वजा व्हावयास हवी. ज्या दुकानदारांची 'धंद्यात काही उरत नाही' ही तक्रार असते, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत धंद्यात उरलेले घरात गेलेले असते, आणि वहीअभावी ते कळत नाही.

बँकेच्या पासबुकामुळेही एक गोंधळ उडतो. खातेदार पैसे भरतो तेव्हा पासबुकात 'जमा' लिहिले जाते; त्याच्या स्वतःच्या वहीत मात्र बँकेचे खाते 'नावे' पडते. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा, हा व्यक्तिगत खात्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे. पासबुक हा बँकेच्या वहीतील खातेदाराच्या पानाचा उतारा असतो; तेथे खातेदार देणारा आहे, म्हणून जमा. खातेदाराच्या वहीत बँक घेणारी आहे, म्हणून नावे. ठेव ही ठेवीदाराची मालमत्ता व बँकेची देयता असते, हे यावरून आपोआप लक्षात यावे. पतसंस्थेच्या ताळेबंदातील 'सभासद ठेवी' देयता बाजूस पाहून बिचकणारे प्राध्यापक आढळतात. प्रत्यक्षात ती जागा बरोबरच आहे.

नफा आणि रोकड

नफा म्हणजे हाती उरलेला पैसा, ही समजूत व्यवसाय बुडविणाऱ्या समजुतींत अग्रस्थानी ठेवावी लागेल. कळमन्याच्या बाजारात माल आणणाऱ्या एका संत्रा व्यापाऱ्याचे कल्पित उदाहरण घेता येईल. त्याने आंबिया बहाराच्या प्रारंभी १० लाख रुपये भांडवल घातले. ८ लाख रुपये रोख देऊन बागांतील फळ ठोक विकत घेतले. तोडणी, पेट्या, वाहतूक यांचा खर्च दीड लाख झाला. पैकी १ लाख रोख दिले आणि ५० हजार ट्रकमालकास देणे राहिले. सर्व माल ११ लाखांना विकला. ६ लाख रोख मिळाले आणि परप्रांतातील एका व्यापाऱ्याकडे ५ लाख उधार राहिले.

उपार्जन संकल्पनेनुसार विक्री झाली त्या दिवशी उत्पन्न झाले, पैसे केव्हा येतात हा प्रश्न वेगळा. तसेच सेवा घेतली त्या दिवशी खर्च झाला, भाडे चुकते केले नसले तरी. म्हणून ११ लाखांतून साडेनऊ लाख वजा जाता नफा दीड लाख. ताळेबंदात रोकड ७ लाख व येणे ५ लाख, एकूण १२ लाख. समोर भांडवल १० लाख, नफा दीड लाख व देणे ५० हजार, एकूण १२ लाख. हिशेब जुळला, नफाही झाला. पण हंगामाच्या प्रारंभी हाती १० लाख होते ते आता ७ लाख आहेत. ट्रकमालकाचे देणे भागविले की साडेसहा उरतात आणि मृग बहाराच्या बागांचा सौदा करण्यास ८ लाख लागतात. नफ्यात असलेला हा व्यापारी सावकाराच्या दारात उभा राहतो.

उधारीपैकी २ लाख बुडाले तर दीड लाखाचा नफा ५० हजारांचा तोटा होतो. सावधगिरीच्या संकल्पनेचा उगम येथे आहे. संभाव्य नफा हाती येईपर्यंत मोजावयाचा नाही, संभाव्य तोट्याची तरतूद मात्र आधीच करावयाची. संशयित कर्जासाठी तरतूद केली की नफा कमी दिसतो, म्हणून संचालकांना ती आवडत नाही. पतसंस्थांतही हीच स्थिती असते. तरतूद टाळल्याने कर्ज वसूल होत नाही. लाभांश मात्र वाटला जातो आणि तो न झालेल्या नफ्यातून, म्हणजे सभासदांच्याच पैशातून जातो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ मध्ये सूक्ष्म व लघु पुरवठादारांची देणी, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले गेले, ते याच दुखण्यावर. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार बहुधा तोट्यामुळे अडचणीत येत नाही. मोठ्या ग्राहकाकडे अडकलेल्या बिलांमुळे येतो.

घसारा : गिरणीचे खरे दुखणे

एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले आणि गिरणीस तसे नाव मिळाले. सुमारे ३० हजार चात्या व ४५० माग अशी तिची प्रारंभीची क्षमता होती. प्रारंभी काटकसरीच्या विचाराने घेतलेली यंत्रसामग्री हलक्या प्रतीची निघाली. सुताची प्रत व उत्पादन दोन्ही ढासळले. जमशेटजींनी ती यंत्रे बदलली. पुढे १८८० च्या दशकात व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता व तंत्रज्ञ जेम्स ब्रुक्सबी यांच्या साहाय्याने रिंग चात्यांचा प्रयोग करण्यात आला. लँकेशायरच्या गिरण्या अद्याप म्यूल यंत्रांना चिकटून असताना नागपुरात हे घडले, याकडे उद्योगाच्या इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे.

या निर्णयामागील लेखाकर्म समजून घेण्यासारखे आहे. १० लाख रुपयांचे, १० वर्षे आयुष्याचे यंत्र समान हप्ता पद्धतीने दरवर्षी १ लाख रुपयांनी झिजते असे मानू. तीन वर्षांनंतर त्याचे पुस्तकी मूल्य ७ लाख राहते. ते भंगारात २ लाखांना विकले तर ५ लाखांचा तोटा नोंदवावा लागतो. बहुतेक व्यवस्थापक येथे थबकतात. 'सात लाखांचे यंत्र दोन लाखांत कसे काढावे?' परंतु ते सात लाख बाजारात कोठेही अस्तित्वात नाहीत. ते केवळ खर्चाचा अद्याप न वाटलेला भाग आहेत. यंत्र ठेवले तरी तो खर्च परत येत नाही, काढले तरी येत नाही. निर्णय पुढील वर्षांत नव्या यंत्रामुळे किती बचत होईल यावरच व्हावा. बुडालेल्या खर्चाचा हा विचार ज्यांना साधला त्यांनी रिंग चात्या बसविल्या. ज्यांना साधला नाही त्यांनी जुन्या यंत्रांचे पुस्तकी मूल्य जपले.

घसारा म्हणजे मालमत्तेच्या बाजारमूल्यातील घट नव्हे. घसारा म्हणजे मालमत्तेच्या किमतीची, तिच्या उपयुक्त आयुष्यातील वर्षांवर केलेली वाटणी. गिरणी यंत्र एकदा विकत घेते, पण दरवर्षी थोडे थोडे वापरून संपविते. त्या वर्षी विकलेल्या सुताच्या उत्पन्नासमोर संपविलेल्या यंत्राचा हिस्सा ठेवला नाही तर नफा खोटा ठरतो. यास मेळ संकल्पना म्हणतात. ऱ्हासमान मूल्य पद्धतीत दर वर्षी उरलेल्या मूल्यावर टक्केवारी लागते. १५ टक्के दराने १० लाखांचे पहिल्या वर्षाअखेर ८ लाख ५० हजार, दुसऱ्या वर्षाअखेर ७ लाख २२ हजार ५०० होतात. आयकराच्या हिशेबात मुख्यतः ही पद्धत वापरली जाते. कंपनी अधिनियम २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत टक्केवारीऐवजी उपयुक्त आयुष्य दिले आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी ते १५ वर्षे आहे.

वर्गात न सांगितली जाणारी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. घसाऱ्याची नोंद केल्याने पैसा साठत नाही. नोंदीमुळे नफा कमी दिसतो, म्हणून तेवढी रक्कम लाभांशाच्या रूपाने बाहेर जात नाही, एवढेच. ती रक्कम व्यवसायात कोणत्या रूपात राहते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ती कापसाच्या साठ्यात किंवा उधारीत अडकली असेल तर यंत्र बदलावयाच्या दिवशी ती हाती नसते. दुसरे असे की, घसारा मूळ किमतीवर लागतो. तीस वर्षांपूर्वी १ लाखास घेतलेल्या यंत्राचा पूर्ण १ लाख घसारा लावून झाला तरी भाववाढीच्या काळात तसेच यंत्र आज १ लाखास मिळत नाही. ऐतिहासिक मूल्याच्या तत्त्वाने लिहिलेला नफा अशा वेळी बिनचूक असूनही फसवा असतो. त्यातून पूर्ण लाभांश वाटणारी कंपनी नकळत स्वतःचे यंत्रच वाटून टाकीत असते.

मुंबईच्या गिरण्यांबाबत हे उघडपणे घडले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस व त्यानंतरच्या तेजीत अनेक गिरण्यांनी अवाढव्य लाभांश वाटले. १९२० च्या दशकात जपानी स्पर्धा व मंदी आली तेव्हा जुनी यंत्रे आणि रिकाम्या तिजोऱ्या उरल्या होत्या. स्वातंत्र्योत्तर काळात यंत्रमाग, कृत्रिम धागा, धोरणात्मक बंधने अशी अनेक कारणे त्यात मिळाली. कापड गिरण्यांचा ऱ्हास केवळ हिशेबाच्या दोषाने झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि नूतनीकरण टाळून दाखविलेला नफा हा त्यातील एक दुवा होताच.

मोबदला कशावर ?

जुन्या गिरण्यांत व्यवस्थापन अभिकर्त्यांना उत्पादनावर, पौंडामागे पाव आणा असे, कमिशन मिळत असे. गिरणी तोट्यात असली तरी सूत निघत राहिले की कमिशन चालू. जमशेटजींनी ही रीत सोडून नफ्यावर आधारित कमिशन स्वीकारले. माप बदलले की वागणूक बदलते. मात्र नफ्यावरील मोबदला हा दोष पूर्णपणे दूर करीत नाही, कारण मग घसारा व तरतुदी कमी दाखविण्याचा मोह उत्पन्न होतो. ज्याचा मोबदला आकड्यावर ठरतो त्याच्या हाती तो आकडा लिहिण्याचे काम नसावे, हे अंतर्गत नियंत्रणाचे तत्त्व या अनुभवातून आले आहे.

कामगारांचे देणे

एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये आणि उपदानाचा १९७२ मध्ये आला. या योजनांकडे सहसा औदार्य म्हणून पाहिले जाते. लेखाकर्माच्या दृष्टीने त्यांचा अर्थ अधिक कठोर आहे. कामगार आज काम करतो तेव्हाच त्याच्या निवृत्तीच्या देण्याचा एक अंश जन्मास येतो. तो त्याच वर्षीचा खर्च आहे, तीस वर्षांनंतरचा नव्हे.

१९७२ च्या कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, हे सूत्र घातले. शेवटचे वेतन ६ हजार रुपये व सेवा ३० वर्षे असलेल्या कामगाराचे उपदान सुमारे १ लाख ३ हजार ८४६ रुपये होते. असे एक हजार कामगार असतील तर देणे १० कोटी ३८ लाखांवर जाते. दरवर्षी तरतूद न करता 'कामगार निवृत्त होईल तेव्हा पाहू' असे म्हणणाऱ्या संस्थेच्या ताळेबंदात हे देणे कोठेच दिसत नाही. कारखाना बंद पडतो त्या दिवशी ते एकदम उभे राहते, आणि त्या दिवशी देण्यासाठी काही नसते. कर्मचारी लाभांसंबंधीच्या लेखा मानकाने विमागणितीय पद्धतीने दरवर्षी तरतूद करणे आवश्यक केले, ते यासाठी. नागपुरातील किती खासगी शिक्षणसंस्था आपल्या विनाअनुदानित कर्मचाऱ्यांसाठी अशी तरतूद करतात, हे त्या त्या संस्थेच्या ताळेबंदात पाहून ठरविता येईल.

१९८६ मध्ये टाटांनी गिरणीतून अंग काढून घेतले. त्यानंतर राज्य शासनाच्या महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालविली आणि २००२ मध्ये ती बंद झाली. अशा प्रसंगी निरंतर अस्तित्वाची संकल्पना कोसळते. व्यवसाय पुढे चालू राहणार आहे या गृहीतावरच यंत्र त्याच्या झिजलेल्या किमतीस दाखविता येते. तो थांबणार हे ठरले की प्रत्येक मालमत्तेस आज विकून काय येईल एवढाच प्रश्न उरतो. सूत काढणारे यंत्र भंगाराच्या भावाने मोजले जाते. जमिनीवर मात्र घसारा लागत नसतो. ऐतिहासिक मूल्याच्या तत्त्वानुसार पुस्तकात जुन्याच किमतीवर राहणारी शहराच्या मध्यभागातील गिरणीची जमीन सर्वांत मोलाची ठरते. एम्प्रेस मिलच्या जागेवर पुढे एम्प्रेस सिटी मॉल उभा राहिला. चालू गिरणीच्या ताळेबंदावरून या मूल्याची कल्पना येणे शक्यच नसते, आणि तो ताळेबंदाचा दोषही नव्हे. त्याला तो प्रश्न विचारलेला नसतो.

बंद पडलेल्या कंपनीच्या मालमत्तेतून कोणास आधी द्यावयाचे, हाही लेखाकर्माचाच विषय आहे. १९८५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने आली. दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये परिसमापनापूर्वीच्या २४ महिन्यांच्या कामगार देण्यांस ही बरोबरी देण्यात आली. भविष्य निर्वाह निधी व उपदानाचा पैसा वेगळ्या न्यासात असेल तर तो या वाटणीत येतच नाही. तरतूद केली, एवढे पुरेसे नाही. तो पैसा कंपनीबाहेर काढून ठेवला आहे काय, हे विचारले पाहिजे.

खेळते भांडवल व गुणोत्तरे

गुणोत्तरांवर पाठ्यपुस्तकांत प्रकरणेच्या प्रकरणे असतात, येथे थोडक्यात. चालू मत्तेस चालू देयतेने भागले की चालू गुणोत्तर येते. २ : १ हे संकेताने समाधानकारक मानतात. टंडन समितीच्या शिफारशींनंतर बँका १.३३ : १ चालवून घेऊ लागल्या. वर उल्लेखिलेल्या संत्रा व्यापाऱ्याची चालू मत्ता १२ लाख व चालू देयता ५० हजार, म्हणजे गुणोत्तर २४ : १. इतके उत्तम गुणोत्तर असूनही त्याला पुढील बहाराची बाग घेता येत नाही. गुणोत्तर एका दिवसाचे चित्र देते. पैसा केव्हा येणार आणि केव्हा लागणार, हे सांगत नाही. कापूस हंगामात घ्यावयाचा आणि सूत वर्षभर विकावयाचे, अशा गिरणीचे मार्चअखेरचे व सप्टेंबरअखेरचे गुणोत्तर सारखे असूच शकत नाही. विद्यार्थ्यांना गुणोत्तर काढावयास लावण्यापूर्वी व्यवसायाचे वर्ष कसे फिरते, हे विचारावे.

मालमत्ता आहे काय ?

आतापर्यंतच्या विवेचनात पुस्तकात लिहिलेली मालमत्ता प्रत्यक्षात आहे, असे गृहीत धरले. ते गृहीतच तपासणे हे लेखापरीक्षणाचे पहिले काम. नागपुरात त्याचा धडा २००२ मध्ये मिळाला. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी पैसे दिले. रोखे बँकेला मिळाले नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. व्याजासह हे प्रकरण सुमारे दीडशे कोटी रुपयांचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह काही जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. त्या निकालास वरच्या न्यायालयात आव्हान देण्यात आले. बँक शेतकऱ्यांची होती, ठेवी ग्रामीण भागातील होत्या.

येथे नोंदीच्या दृष्टीने काय घडते ते पाहावे. बँकेची रोकड जमा पडते आणि 'सरकारी रोख्यांतील गुंतवणूक' नावे पडते. द्विनोंद पूर्ण होते, तेरीज जुळते, ताळेबंदात सर्वांत सुरक्षित समजली जाणारी मालमत्ता दिसते. तिच्या मागे असतो तो दलालाचा कागद. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक पावत्यांच्या बाबतीत हेच घडले होते. प्रमाणकाशिवाय नोंद नाही हा नियम सर्वांना पाठ असतो. ते प्रमाणक कोणी दिले, हे विचारण्याची सवय कमी असते. रोखे मिळाल्याचा पुरावा ज्याच्याकडे रोख्यांची नोंद असते त्याच्याकडून, म्हणजे सरकारी रोख्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेकडील खात्याच्या उताऱ्यातून, मिळावयास हवा. विकणाऱ्याच्या पावतीतून नव्हे. राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी ज्या शहरात आहे, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय ज्या शहराच्या मध्यवर्ती चौकात उभे आहे, त्याच शहरात हे घडावे, हे विशेष.

पतसंस्थेच्या सभासदास यासाठी लेखापरीक्षक होण्याची गरज नाही. अहवालातील गुंतवणुकीची अनुसूची पाहावी. प्रत्येक ठेवीसमोर बँकेचे नाव, पावती क्रमांक व मुदत दिली आहे काय ते पाहावे. रकमेच्या खात्रीचे पत्र लेखापरीक्षकाने बँकेकडून थेट मागविले की संस्थेच्या सचिवाने आणून दिलेल्या झेरॉक्सवर भागविले, हे सभेत विचारावे. येणे व्याज उत्पन्नात धरले असेल तर त्यापैकी किती व्याज तीन महिन्यांहून अधिक काळ थकले आहे, आणि थकीत कर्जदारांपैकी किती जणांच्या वेतनातून कपात चालू आहे, हे दोन आकडे मागावेत. बुडीत व संशयित कर्जाची तरतूद गतवर्षीपेक्षा कमी झाली असेल आणि थकबाकी वाढली असेल, तर लाभांशाच्या टक्केवारीवर बोलण्यापूर्वी त्या घटीचे कारण लेखी मागावे आणि ते इतिवृत्तात नोंदविले गेले की नाही, हे पुढील सभेत इतिवृत्त वाचून कायम करताना तपासावे.